तासाभराचा पाहुणा

क्योटोच्या गिओन भागात 'गिओन कॉर्नर' नावाचं एक लहानसं नाट्यगृह आहे. ते १९६२ साली सुरू झालं आणि पुढे कितीतरी वर्षं तिथे एकाच कार्यक्रमात सात कला दाखवल्या गेल्या: चहाविधी, पुष्परचना, कोतोवादन, दरबारी गागाकु संगीत, क्योगेन हे प्रहसन, क्योटोचं नृत्य आणि बुनराकु हा बाहुल्यांचा खेळ. सगळं मिळून तासाभरात. जपानवर मनापासून प्रेम करणाऱ्या माणसापुढे या जागेचं नाव काढलं की त्याचा चेहरा बघण्यासारखा होतो. कोतोवर आयुष्य घालवलेल्या बाईंनी सात-आठ मिनिटं वाजवायचं, की लगेच पुढची कला हजर. आणि समोर बसलेला प्रवासी काल टोकियोहून आलेला, उद्या हिरोशिमाला निघालेला. याला संस्कृती म्हणायचं की सॅम्पल?

ही चिडचिड मला समजते. आपल्याकडच्या सहलींच्या माहितीपत्रकांत 'टी सेरेमनी' आणि 'किमोनो एक्स्पिरियन्स' या दोन ओळी फुजी पर्वत आणि बुलेट ट्रेन यांच्या मधोमध छापलेल्या दिसतात, तेव्हा माझ्याही कपाळाला आठी पडते. पण ही नाराजी घड्याळाकडे बघून व्यक्त होते, आणि तिथेच तिची गफलत होते असं मला वाटतं. चार तास बसला तो खरा रसिक आणि चाळीस मिनिटं बसला तो उपटसुंभ, इतकं ते सोपं नाही. खुद्द क्योटोचा इतिहासच त्याच्या विरोधात साक्ष देतो.

७९४ पासून राजधानी असलेलं हे शहर. १८६९ मध्ये सम्राटांचा मुक्काम टोकियोला गेला आणि क्योटोच्या पायाखालची जमीन सरकली. दरबारामागोमाग सरदार-दरकदार गेले, पुरवठादार गेले. रेशीम विणणारे, भांडी घडवणारे, चहा शिकवणारे यांचं गिऱ्हाईकच उठून गेलं. काशीतून विश्वनाथ हलवल्यासारखी गत झाली. तेव्हा शहरातल्या कारभाऱ्यांनी आणि व्यापाऱ्यांनी मिळून एक उपाय शोधला: प्रदर्शन भरवायचं आणि बाहेरची माणसं आणायची. १८७२ च्या वसंतात निशी होन्गान-जी, केन्निन-जी आणि चिओन-इन या तीन मोठ्या देवस्थानांच्या आवारात ते भरलं. त्या काळी परदेशी माणसांना तहात ठरलेल्या बंदरांच्या आसपासच वावरता येई; क्योटो त्यांना बंद होतं. प्रदर्शनापुरती त्यांना खास परवानगी देण्यात आली. म्हणजे जे काही शे परदेशी आले ते सगळे नियमानेच धावत्या भेटीचे पाहुणे होते.

त्यांच्यासाठी क्योटोने काय केलं ते बघण्यासारखं आहे. चहाच्या तीन मुख्य घराण्यांपैकी उरासेन्के घराण्याचे तेव्हाचे प्रमुख होते गेन्गेन्साई, अकराव्या पिढीचे. हे घराणं सेन नो रिक्यूचं. सोळाव्या शतकात ज्याने चहाला साधेपणाचं वळण लावलं तो हा रिक्यू. तातामी चटईवर गुडघे दुमडून बसणं हे या विधीचं अंग. युरोपीय पाहुण्यांना ते जमणार नाही हे ओळखून गेन्गेन्साईंनी शेगडी-किटलीची मांडणी टेबलावर घेतली, यजमानाला बसायला स्टूल दिलं, पाहुण्यांना बाकं दिली आणि त्या उंचीला साजेल अशी चहा करण्याची नवी रीत बसवली. तिला रयूरेई म्हणतात. परंपरेचा वारसदार स्वतःच परंपरा खुर्चीवर बसवतो आहे, तीही परक्यांसाठी! आज कुणी असं केलं तर आपण काय काय म्हटलं असतं याची कल्पना करा.

दुसरी गोष्ट नाचाची. तोवर गिओनमधलं नृत्य चहागृहाच्या खोलीत, मोजक्या माणसांपुढे, एक-दोन नर्तकींनी करायचं. प्रदर्शनासाठी नृत्याच्या इनोउए घराण्याच्या तिसऱ्या याचियो यांनी ते रंगमंचावर आणलं, ओळीने उभ्या राहणाऱ्या नर्तकींचा समूह केला आणि 'मियाको ओदोरी' जन्माला आली. त्याच साली क्योटोच्या निशिजिन भागातल्या विणकरांपैकी तिघांना फ्रान्समधल्या लियाँला धाडण्यात आलं आणि पुढे जकार्ड माग क्योटोत आले, हे जाता जाता सांगायला हवं. ज्या वर्षाने क्योटोची आजची 'प्राचीन' ओळख घडवली ते वर्ष इतकं अलीकडचं आणि इतकं धंदेवाईक आहे.

आता गंमत अशी की यांतलं काहीही पर्यटकांपुरतं राहिलं नाही. मियाको ओदोरी आजही दर एप्रिलमध्ये होते, युद्धासारखे खंड सोडले तर. आणि तिची तिकिटं क्योटोची कुटुंबंही घेतात, मुलीबाळींना घेऊन जातात. रयूरेई चहाच्या वर्गांत रीतसर शिकवली जाते, आणि तिचा मोठा उपयोग होतो तो गुडघे दुखणाऱ्या जपानी आज्यांना. मियाको ओदोरीच्या खेळाआधी गेइको (म्हणजे क्योटोतल्या गेइशा) आणि त्यांच्या उमेदवार माइको प्रेक्षकांना चहा देतात तो टेबलावरच. अस्सल क्योटो शोधायला आलेला प्रवासी तिथे जातो तेव्हा दीडशे वर्षांपूर्वीच्या प्रवाशासाठी केलेल्या दोन्ही सोयी तो एकाच छपराखाली उपभोगत असतो.

मग १९६२ चं गिओन कॉर्नर साठ वर्षांनंतरही नमुन्यांचं ताटच का राहिलं? तिथली माणसं काही कमी तयारीची नाहीत. माझ्या मते कारण साधं आहे. तिथे शेजारच्या खुर्चीवर क्योटोकर सहसा नसतो. जे पाहुण्यासाठी केलं पण ज्यात घरचेही येऊन बसले ते रुजलं. जिथे घरचे कधी फिरकलेच नाहीत ते दुकानाच्या काचेतच राहिलं. लांबी-रुंदीचा इथे संबंध नाही.

जपानी माणसानेही क्योटो असंच धावतपळत पाहिलेलं आहे. १७८० साली निघालेलं 'मियाको मेइशो झुए' हे क्योटोतल्या स्थळांचं सचित्र पुस्तक इतकं खपलं की त्या धर्तीवर इतर प्रांतांची पुस्तकं निघाली. १८०२ पासून जिप्पेन्शा इक्कूने लिहिलेल्या प्रवासकथेतले याजी आणि किता हे दोघे टवाळ तर वाटेतल्या प्रत्येक रीतीभातीची फजिती करत क्योटोपर्यंत पोचतात. आणि सगळ्यांत मोठा दाखला १५८७ चा. तेव्हाचा सत्ताधीश तोयोतोमी हिदेयोशी याने क्योटोतल्या किटानोच्या देवळाच्या आवारात महा-चहासभा जाहीर केली. जाहीरनामा असा की शेतकरी, व्यापारी, नोकर कुणीही यावं. किटली, पेला जे असेल ते आणावं. चहा नसेल तर भाजलेलं पीठ चालेल. परदेशातल्या माणसालाही मज्जाव नाही. आणि जो येणार नाही त्याने यापुढे चहाच्या वाटेला जाऊ नये, अशी दमदाटीही वर होती. सत्ता दाखवायचाच तो प्रकार, सोन्याची चहाखोली मांडून ठेवली होती तिथे. पण चहा करायला खुद्द रिक्यू बसला होता. दहा दिवस चालायची सभा एका दिवसातच आटोपली. 'सर्वांसाठी, एका दिवसात, गर्दीत' हा प्रकार काही विमान कंपन्यांनी शोधून काढलेला नाही.

तर वेळेचा मुद्दा बाजूला ठेवू. खरा प्रश्न असा आहे की त्या तासाभरात आलेल्या माणसाकडून काही मागितलं जातं का?

चहाविधी या बाबतीत फार बोलका आहे, कारण त्यात पाहुणा हा प्रेक्षक नसतोच. त्याला काम असतं. संपूर्ण चहासभा चारेक तासांची: आधी जेवण, मग घट्ट चहा, मग पातळ चहा. (तिथलं सूप सुकवलेल्या बोनितो माशाच्या अर्कात केलेलं असतं, त्यामुळे आपल्याकडचा अर्धा गट चार तासांच्या अस्सलपणातून पहिल्या वाटीलाच बाद होईल, हा वेगळा भाग.) जुन्या पद्धतीच्या चहाखोलीचं दार जेमतेम दोन-सव्वादोन फुटांचं, वाकून, गुडघ्यांवर सरकत आत शिरायचं. आधी भिंतीवरची लेखनपट्टी बघायची. मुख्य पाहुण्याने सगळ्यांच्या वतीने यजमानाशी बोलायचं, पट्टीविषयी, वाडग्याविषयी विचारायचं. वाडगा हातात आला की त्याची दर्शनी बाजू ओठांना लागू नये म्हणून तो थोडा फिरवून प्यायचं. पिऊन झालं की कोपरं गुडघ्यांजवळ टेकवून, जमिनीलगतच धरून तो न्याहाळायचा; उंच धरायचा नाही, पडला तर? यजमान इतकी तयारी करतो ती पाहुण्याला हे सगळं येतं या भरवशावर. दोघांपैकी एक जरी आळशी निघाला तरी विधी पडतो.

आता पर्यटकांचे वर्ग. त्यांत मला दोन जाती दिसल्या. एका ठिकाणी बसताक्षणी प्रत्येकापुढे वाडगा आणि बांबूची घुसळणी आली, हिरवा फेस काढायची जणू शर्यत लागली, फोटो झाले, प्रमाणपत्र मिळालं. मजा आली, नाही असं नाही. घरी बसूनही ती आली असती.

दुसऱ्या ठिकाणच्या बाई वयस्कर होत्या आणि जरा करड्या. आमच्यातले बरेचजण मराठी, सहलीतले. बाईंनी आधी तातामीच्या काठावर पाय न देता चालायला लावलं. मग गोड आलं: शिजवलेल्या लाल अझुकीचं, साखर घालून घोटलेलं सारण, चवीला थेट आपल्या पुरणाच्या कुळातलं, वेलदोडा-जायफळ वगळलेलं. ते चहाच्या आधी संपवायचं असतं हे कळल्यावर दोघांची गडबड उडाली. त्यांनी ते चहासोबत खायला राखून ठेवलं होतं. नंतर त्या बाईंनी पहिला वाडगा कोपऱ्यातल्या एका काकांपुढे ठेवला आणि त्यांना थांबवलं. आधी शेजारच्याकडे वळायचं, वाकायचं आणि 'ओसाकि नि' म्हणायचं. तुमच्या आधी घेतो, माफ करा. काका म्हणजे सहलीभर न्याहारीच्या रांगेत पहिले. त्यांनी शेजारी बघितलं. शेजारी होते ते नेमके असे गृहस्थ, ज्यांच्याशी बसमधल्या खिडकीच्या जागेवरून त्यांचं दोन दिवस वाजलेलं. खोलीत खसखस पिकली. काका वाकले. बाईंना पाठ पुरेशी वाकलेली वाटली नाही, त्यांनी पुन्हा करायला लावलं. मग चहा.

दोन्ही वर्गांना वेळ सारखाच लागला, पैसेही थोडेफार सारखेच. पहिल्याने आम्हाला गिऱ्हाईक केलं, दुसऱ्याने पाहुणा. जे लोक 'इतक्या कमी वेळात काय कळणार' म्हणतात त्यांना मला विचारावंसं वाटतं की काकांना त्या वाकण्यातून जे कळलं त्याला आणखी किती वेळ द्यायला हवा होता?

या वर्गांत आणखी एक वाक्य हमखास ऐकवलं जातं: प्रत्येक भेट आयुष्यात एकदाच होते. पंख्यांवर, टॉवेलांवर छापून ते आता गुळगुळीत झालं आहे. चहाच्या संदर्भात ते ठसवलं ई नाओसुके या सरदाराने, एकोणिसाव्या शतकाच्या मध्यात लिहिलेल्या त्याच्या चहावरच्या पुस्तकातून. हा तोच नाओसुके ज्याच्या कारभारात १८५८ साली अमेरिकेशी व्यापारी तह झाला आणि ज्याला त्या रागापोटी १८६० मध्ये एदोच्या, म्हणजे आजच्या टोकियोच्या, किल्ल्याच्या दरवाजाबाहेर ठार मारलं गेलं. परदेशी माणसाला जपानची दारं उघडणारा आणि भेटीच्या एकमेवपणावर लिहिणारा माणूस एकच होता. पण त्याचं म्हणणं आपण सोयीस्करपणे उलटं वाचतो. तेच यजमान आणि तेच पाहुणे पुन्हा पुन्हा भेटत असले तरी आजची भेट पुन्हा घडणार नाही, हे ध्यानात ठेवून वागा, असं तो सांगत होता. पुन्हा कधीच न येणाऱ्या माणसाला हे फार सोपं जातं. अवघड आहे ते दर आठवड्याला येणाऱ्याला.

इथे मला प्रतिपक्षाचं एक म्हणणं पूर्ण मान्य करावं लागतं. चव घेता येत नाही अशी एक गोष्ट या कलांमध्ये आहे, आणि ती म्हणजे पुनरावृत्ती. चहा शिकणारी बाई तोच रुमाल त्याच घडीने वर्षानुवर्षं दुमडते. मे ते ऑक्टोबर शेगडी वर असते, नोव्हेंबरपासून एप्रिलपर्यंत जमिनीतली चूल उघडते, आणि त्यासरशी बसायची जागा, हातांच्या हालचाली, सगळं बदलतं. हा बदल पहिल्या वर्षी गोंधळात टाकतो, दहाव्या वर्षी वाट बघायला लावतो. एका दुपारच्या पाहुण्याला चूल किंवा शेगडी, दोन्हींपैकी एकच दिसते, आणि दुसरी असते हेही ठाऊक नसतं. हे नुकसान खरंच आहे. पण ते न शिकणाऱ्या प्रत्येक जपानी माणसाचंही आहे, आणि असे जपानी आता फार झाले. प्रत्येक पायरीला परवाना, प्रत्येक परवान्याला शुल्क आणि वर घराण्याचा प्रमुख, अशी रचना असलेल्या या कलांना 'बाजारापासून जपा' म्हणणं तर मला जरा विनोदीच वाटतं.

तसंच गिओनच्या चहागृहांचं. ओळखीशिवाय पहिल्यांदा येणाऱ्याला तिथे प्रवेश नाही, याचा पर्यटकांना राग येतो. त्यामागे मिजास आहेच, पण हिशेबही आहे. पाहुण्याने तिथे पैसे मोजायचे नसतात. जेवण, नर्तकी, परतीची गाडी, सगळ्याचा खर्च मालकीण करते आणि बिल नंतर जातं. ते बुडालं तर ज्याने ओळख करून दिली त्याने भरायचं. उधारीवर चाललेल्या घरात अनोळखी माणूस घेणार कसा? या दाराचं सॅम्पल निघू शकत नाही, आणि ते काढू नये हेच बरं.

गिओनचं खरं दुखणं या बंद दारांच्या आतलं नाहीच, बाहेरचं आहे. माइको म्हणजे उमेदवारी करणारी कोवळ्या वयाची मुलगी. संध्याकाळी ती कामावर निघते तेव्हा रस्त्यात तिच्यामागे कॅमेरे धावतात, कुणी बाही ओढतं. २०१९ मध्ये खासगी गल्ल्यांत फोटो काढण्यास मनाई करणाऱ्या आणि दहा हजार येन दंडाचा इशारा देणाऱ्या पाट्या लागल्या. २०२४ मध्ये रहिवाशांनी त्या गल्ल्याच पर्यटकांना बंद केल्या. त्या वर्षी जपानमध्ये ३ कोटी ६८ लाखांहून अधिक परदेशी प्रवासी आले. येन इतका घसरला होता की सगळ्यांनाच जपान परवडत होतं. पण या धावणाऱ्यांनी कुठल्याही वर्गाला पैसे भरले नव्हते, कुणापुढे गुडघे दुमडले नव्हते. त्यांनी संस्कृतीची चव घेतली हा आरोपच चुकीचा आहे. त्यांनी चव घ्यायचंच टाळलं. नुसतं बघितलं, आणि ज्यात आपल्याला काहीच करावं लागत नाही असं बघणं फार लवकर शिकारीवर येतं.

किमोनोबद्दल माझं मत मात्र इतकं पक्कं नाही. क्योटोतल्या हिगाशियामाच्या चढावर भाड्याचे किमोनो घातलेल्या मुलींची रांगच दिसते. त्यांतल्या बऱ्याच जपानी असतात, कारण आईकडून किमोनो नेसायला शिकायची साखळी केव्हाच तुटली. युद्धानंतर त्यासाठी शाळा काढाव्या लागल्या. २०१५ मध्ये बॉस्टनच्या कलासंग्रहालयाने चित्रकार मोनेच्या चित्रापुढे अभ्यागतांना किमोनो चढवून बघायला दिला तेव्हा आशियाई वंशाच्या तरुण अमेरिकनांनी निदर्शनं केली, आणि त्यांच्या विरोधात किमोनो नेसून उभ्या राहिल्या त्या जपानी बायका. क्योटोत तर दुकानदार तुम्हाला आनंदाने नेसवतात. डावा पदर वर घेतात, उजवा वर आला तर ते मृताचं नेसणं होतं. म्हणजे माझ्या दोन्ही कसोट्यांना ते उतरतं: घरचे लोक शेजारी आहेत, आणि चालताना पावलं आखूड टाकावी लागतात, पाठ ताठ ठेवावी लागते. अंगाला ती रीत कळते. तरीही हे वस्त्र बहुधा पॉलिएस्टरचं असतं, आणि निशिजिनच्या मागावर बसलेल्या म्हाताऱ्याच्या हातात त्यातलं काही पडत नाही. शेजार आहे, शिस्त आहे, फक्त करणारा गायब आहे. यावर उपाय आहे की नाही ते निशिजिनवाले ठरवतील. पर्यटकाने सकाळी आधी विणकाम बघावं आणि मग भाड्याचा किमोनो अंगावर चढवावा, एवढं तरी सहलवाल्यांना जमण्यासारखं आहे.

त्यांना आणखी एक गोष्ट सुचवता येईल. टोकियोच्या गिंझातल्या काबुकी-झा या नाट्यगृहात चौथ्या मजल्यावर एका अंकापुरतं स्वस्त तिकीट मिळतं. पूर्ण खेळ चार-चार तास चालतो. ज्याला एकच अंक बघायचा त्याने तेवढाच बघावा. ही काही परदेशी लोकांसाठी काढलेली सवलत नव्हे. आवडत्या नटाचं एकच काम पुन्हा बघायला येणारे टोकियोकर तिचा जुना उपयोग करतात. शिवाय खेळही बहुतेकदा वेगवेगळ्या नाटकांतले निवडक अंक जोडूनच केलेला असतो, त्यामुळे खाली कितीतरी जास्त पैसे देऊन बसलेले लोकही तुकडेच बघत असतात. आणि वरच्या मागच्या जागा पूर्वापार जाणत्यांच्या. नट ठरावीक पवित्र्यात थिजला की तिथून कुणीतरी त्याच्या घराण्याचं नाव मोठ्याने पुकारतो, 'नारिताया!' नाही तर 'ओतोवाया!', बरोबर त्या अर्ध्या क्षणाच्या फटीत. नवख्याने तसं करू नये, एवढाच तिथला नियम. बाकी मान वळवून तो कोण ओरडला हे बघायला हरकत नाही. अंक तासाभराच्या आसपास संपतो, आणि गटाची जेवणाची वेळही चुकत नाही.